पांढऱ्या वाघाची तीन विमाने

भारतीय नौदलाची पहिली लढाऊ विमानांची तुकडी, म्हणजे ‘इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन ३००’, जुलै १९६० मध्ये वेल्समधील ब्रॉडी येथील ब्रिटिश नौदलाच्या विमानतळावर उभी राहिली. पांढरा वाघ हे तिचे बोधचिन्ह असल्याने नौदलात ती ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाते. सी हॉक, सी हॅरियर आणि मिग-२९के अशी तीन लढाऊ विमाने तिने वापरली. त्यांचा इतिहास सांगताना वेग आणि शस्त्रे यांचीच तुलना सहसा केली जाते, पण जहाजावरच्या वैमानिकाचे खरे कसब परत उतरण्यात असते, आणि प्रत्येक नव्या विमानाबरोबर या स्क्वाड्रनला उतरण्याची विद्याच मुळापासून बदलावी लागली.

सी हॉक हे एकआसनी, एका जेट इंजिनाचे आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा असलेले ब्रिटिश विमान होते. जहाजावर जागा कमी लागावी म्हणून त्याचे पंख वर दुमडता येत. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक उतरवले. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. उड्डाणाच्या वेळी वाफेच्या दाबावर चालणारी कॅटपल्ट ही यंत्रणा विमानाला पुढे भिरकावून देत असे, तर उतरताना विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकावा लागे. चाके टेकताक्षणी वैमानिक इंजिनाची ताकद कमी न करता वाढवतो, कारण हूक तारेत अडकला नाही, तर तिरप्या डेकवरून तसेच पुन्हा उडून जाण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. थांबायला आलेल्या विमानाने थांबण्याच्या क्षणीच उडण्याची तयारी ठेवायची, हे जमिनीवरच्या वैमानिकाला मनात सहजासहजी न रुजणारे तंत्र होते, आणि या तुकडीने ते सी हॉकच्या सबंध काळात जपले.

१९७१ च्या युद्धात त्याची कसोटी लागली. ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग मर्यादित ठेवावा लागत होता, आणि जहाज वाऱ्याला सामोरे जितके वेगाने धावेल तितका विमानाच्या पंखांना आधार मिळत असल्यामुळे ही अडचण साधी नव्हती. तरीही ४ डिसेंबर रोजी बंगालच्या उपसागरातून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. दिवसा सी हॉक आणि रात्री ३१० स्क्वाड्रनची अलिझे विमाने असा क्रम लावून पूर्व किनाऱ्यावरील बंदरांवर दबाव कायम ठेवण्यात आला. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. दुखऱ्या जहाजावरून मिळवलेल्या या यशाचे मोल अधिक मानले पाहिजे.

१६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली तीन सी हॅरियर विमाने गोव्यात दाबोळीला पोहोचली. तेथे नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे. अरुण प्रकाश, जे पुढे नौदलप्रमुख झाले, ते त्या वेळी स्क्वाड्रनचे प्रमुख होते. या विमानाला हूक नव्हता. त्याच्या पेगासस इंजिनाला चार फिरती तोंडे, म्हणजे नॉझल्स, होती. ती मागे वळवली की विमान पुढे जाई आणि खाली वळवली की हवेत स्थिर राहू शके. त्यासाठी वैमानिकाच्या डाव्या हाताशी थ्रॉटलशेजारी आणखी एक दांडा असे. विमान जहाजाच्या डाव्या बाजूला येऊन जहाजाच्याच वेगाने तरंगत राही, मग आडवे सरकून डेकवर येई आणि सरळ खाली बसे. हवेत तरंगताना पंखांची पकड राहत नसल्याने नाक, शेपूट आणि पंखांची टोके येथून दाबाखालची हवा सोडून तोल सांभाळावा लागे. उष्ण हवेत इंजिनाची ताकद घटते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंधन आणि शस्त्रे यांच्या वजनाचा हिशेब फार काटेकोर ठेवावा लागे. उड्डाणासाठी मात्र डेकच्या टोकाशी वर वळलेला चढ, म्हणजे स्की-जम्प, बांधण्यात आला. थोड्याच धावेत विमानाला वरची दिशा मिळाल्याने ते अधिक भार घेऊन उडू शकले. १९८७ मध्ये नौदलात आलेल्या ‘विराट’ या विमानवाहू नौकेवर तो १२ अंशांचा होता. पुढे काही विमानांवर इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे बसवून त्यांचे आयुष्य वाढवण्यात आले.

११ मे २०१६ रोजी ‘हंसा’ तळावर सी हॅरियरला निरोप देण्यात आला आणि त्याच समारंभात स्क्वाड्रनला मिग-२९के मिळाले. या दोन इंजिनांच्या रशियन विमानाबरोबर हूक परत आला. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर ते स्की-जम्पवरून उडते आणि तारेत अडकून थांबते, म्हणजे उड्डाण हॅरियरच्या काळातले आणि उतरणे सी हॉकच्या काळातले, असा हा मेळ आहे. मधल्या तीन दशकांहून अधिक काळात स्क्वाड्रनमध्ये तारेचा सराव उरला नव्हता, म्हणून दाबोळीला जमिनीवरच स्की-जम्प आणि तारांची यंत्रणा बांधण्यात आली, जेणेकरून वैमानिकाने समुद्रावर जाण्याआधी तेथे हात बसवून घ्यावा.

तेथून जवळच बोगमाळो रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे सी हॉक आणि सी हॅरियर दोन्ही पाहता येतात. सी हॉकच्या शेपटीखाली हूक आहे, हॅरियरच्या दोन्ही बाजूंना ती चार फिरती तोंडे आहेत.