हातभर अंतरावरची विद्या

"फिलिपाइन्सच्या काठीविद्येवर लेख लिहितो आहे," असे सांगितले तेव्हा वर्गमित्रांनी विचारले, "म्हणजे कराटेच ना?" कराटे जपानकडचे. फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा निराळा देश आहे, आणि काठी, सुरी व रिकामा हात यांची त्याची स्वतःची विद्या आहे. तिला अर्निस, एस्क्रिमा, काली अशी नावे आहेत. २००९ साली तेथील संसदेने कायदा करून अर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरविले. परंतु मला सांगावयाचे आहे ते या मोठ्या कुळातील एका लहानशा शाखेविषयी. तिचे नाव सेर्राडा.

या बेटांवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य होते. त्यामुळे विद्या देशी असली तरी पुष्कळ शब्द स्पॅनिश आहेत. एस्क्रिमा हा मुळात तलवारबाजीसाठीचा शब्द. सेर्राडा म्हणजे बंद केलेली. शिकविणाऱ्याला मात्र तेथे 'गुरो' म्हणतात, आणि तो आपला संस्कृत 'गुरु'च, मलाय भाषेतून फिरत गेलेला. हे कळले तेव्हा परमुलखात गावाकडचा माणूस भेटावा तसे वाटले.

आता 'बंद केलेली' म्हणजे काय? आपल्याकडे जत्रेत लाठी फिरवितात ती पुरुषभर लांब असते आणि तिला मोकळे मैदान लागते. सेर्राडाची काठी वेताची, अवघी दोन फुटांच्या आतबाहेर. शत्रूला लांब ठेवण्याचा विचारच येथे नाही. उलट त्याच्याजवळ जायचे, इतके की त्याचा श्वास ऐकू यावा, आणि तेथेच त्याच्या हाताच्या वाटा बंद करायच्या.

प्रथम हे मला वेडेपणाचे वाटले. मार चुकवायचा तर माणूस मागे सरकतो. पण काठी गोल फिरते तेव्हा सर्वांत वेगाने फिरते ते तिचे टोक. मुठीजवळचा भाग त्या मानाने सावकाश असतो. (मी कला शाखेचा विद्यार्थी. चुकत असल्यास पदार्थविज्ञानाच्या सरांनी कान धरावा.) म्हणजे खरा धोका टोकाच्या टप्प्यात आहे. त्या टप्प्याच्या बाहेर तरी जावे, नाही तर आत तरी. आत शिरलेल्या माणसावर लांब काठी नीट चालतच नाही, आखूड काठी मात्र चालते.

आणि आत गेल्यावर खरे काम करतो तो रिकामा हात. पाहणाऱ्याचे लक्ष काठीकडे असते. शिकणाऱ्याने डाव्या हाताकडे पाहावे. उजव्या हातातील काठी वार अडविते, त्याच क्षणी डावा हात शत्रूच्या मनगटावर किंवा कोपरावर दाबून बसतो. त्यामुळे दुसरा वार निघतच नाही. हात धरून ठेवायचा नसतो, कारण धरणाऱ्याचाही हात त्यात अडकतो. नुसता दाबायचा, वळवायचा, सोडायचा. हे सारे इतके थोड्या जागेत होते की चार पावले दूर उभ्या असलेल्यास काय झाले ते उमगू नये.

शिकविण्याची तऱ्हाही वेगळी. वार हत्यारावरून ओळखत नाहीत, दिशेवरून ओळखतात. अशा १२ दिशा आहेत. वरून तिरपा येणारा वार काठीचा असो, सुरीचा असो की मुठीचा, त्याची वाट तीच आणि उत्तरही बहुतांशी तेच. म्हणून येथे आधी हातात काठी देतात आणि रिकाम्या हाताने लढणे मागून येते. पुढे एक सराव असतो, त्याला इंग्रजीत 'लॉक अँड ब्लॉक' म्हणतात. शिकविणारा एका हातात काठी व दुसऱ्या हातात सुरी घेऊन वार करीत जातो, आधी सावकाश, मग वेगाने, आणि कोणता वार कधी येईल ते सांगत नाही. शिष्याने उत्तर द्यायचे आणि थांबायचे नाही.

सिनेमात दाखवितात तशी सुरी अंगाला न लागता अलगद हिसकावून घेता येते, असे मात्र कोणी समजू नये. पळायला वाट असेल तर पळावे. ही विद्या वाट नसते तेव्हाची आहे.

तशी वेळ ज्यांच्यावर रोज येत होती, त्यांनीच ती जपली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॉक्टन नावाचे गाव आहे. फिलिपाइन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना तेथील हजारो तरुण शेतमजुरीसाठी या भागात गेले. अ‍ॅस्परॅगस नावाची, आपल्या शतावरीच्या कुळातील भाजी असते. तिचे कोंब जमिनीलगत कापायला दिवसभर वाकून चालावे लागे. १९३० च्या सुमारास तेथे हॉटेलांच्या दारावर 'फिलिपिनोंना मज्जाव' अशा पाट्या होत्या. त्याच वर्षी जानेवारीत वॉटसनव्हिल गावी गोऱ्यांच्या टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले आणि एक तरुण मजूर गोळी लागून मेला. गोऱ्या स्त्रीशी लग्न करायलाही त्यांना कायद्याने बंदी होती. ती १९४८ साली उठली.

१९३९ साली अमेरिकेत आलेला अँजेल काबालेस हा अशांपैकीच एक मजूर. चणीने अगदी लहान. मायदेशी फेलिसिसिमो दिझोन या गुरूकडे तो एस्क्रिमा शिकला होता. ही विद्या तेव्हा बाप मुलाला, फार तर मित्र मित्राला शिकवी; परक्याला दाखवीत नसत. काबालेसने १९६६ साली स्टॉक्टनमध्ये सर्वांसाठी शाळा उघडली. अमेरिकेतील एस्क्रिमाची ती पहिली खुली शाळा मानतात. १९९१ साली तो वारला. मित्राच्या मोबाईलवर मी त्याचे जुने चित्रण पाहिले. किडकिडीत म्हातारा, पाय फारसे न हलविता, समोरच्या धिप्पाड तरुणाच्या छातीला जवळजवळ टेकून उभा होता, आणि त्या तरुणाला हात उचलायला जागा मिळत नव्हती.

ते पाहताना मला आमचा फड आठवला. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी बारा वर्षांचा असताना उचलीच्या पैशांवरून बोलाचाली झाली आणि मुकादमाने आबांवर काठी उगारली. आबा मागे सरले नाहीत. ते पुढे गेले, एकदम त्याच्या अंगाला भिडले आणि त्याचे कोपर खालून वर दाबून धरले. काठी वरच राहिली. मग लोक मध्ये पडले. मी मोळीआडून पाहत होतो. आबा त्याच्या गळ्यात पडून गयावया करीत आहेत असेच मला वाटले, आणि त्याची लाज मी सात वर्षे मनात ठेवली. कोणाला बोललो नाही.

या दिवाळीत घरी गेलो तेव्हा धीर करून विचारले, "आबा, त्या दिवशी तुम्ही पुढं कसं गेलात? कुणी शिकवलं होतं का?"

आबा हसले. म्हणाले, "शिकवतंय कोण? मागं चारी होती पाण्याची. सरकणार कुठं?"

मग मी त्यांना स्टॉक्टनच्या मजुरांचे सांगितले. कोंब कापायच्या सुरीची लांबी किती, वाकून कापतात की बसून, एवढेच त्यांनी विचारले. आमच्याकडे वेत मिळत नाही. आबांनी बांबूची काठी कोयत्याने दोन फुटांवर तोडून दिली आणि पेरे तासून घेतली. सुट्टीभर अंगणात मी १२ पैकी पहिल्या दोन दिशा करीत होतो. काठी फार आखूड झाली, असे आबांचे अजून म्हणणे आहे.