दोन ते आठ अंशांचा संसार

आमच्या घरात पहिला फ्रिज आला तो १९८६ साली, बँकेच्या कर्जावर. दुसरा आला तो गेल्या वर्षी, आणि तो स्वयंपाकघरात न जाता थेट गाडीच्या डिकीत जाऊन बसला. पहिल्याच्या वेळी रंग कोणता घ्यायचा एवढीच काय ती चर्चा झाली होती. दुसऱ्याने मात्र साठी उलटल्यावर मला पुन्हा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकासमोर नेऊन बसवलं.

त्याचं असं झालं. नोकरीत माझ्या आठ बदल्या झाल्या. त्यातल्या निम्म्या अशा गावांना, की जिथे शाखाधिकाऱ्याच्या बायकोला पाण्याचा माठ आणि मच्छरदाणी या दोनच चैनीच्या वस्तू ठाऊक होत्या. निवृत्त झाल्यावर ती गावं पुन्हा एकदा बघून यायची, हे आम्ही कधीचं ठरवलं होतं. हॉटेलं शोधायची नाहीत. एखाद्या जुन्या खातेदाराच्या मळ्यात गाडी उभी करायची, बाजूला तंबू टाकायचा आणि निवांत राहायचं. तंबू आणि घडीच्या खाटा भाच्याने दिल्या. पण दरवर्षी नकाशा उघडला की ही एकच प्रश्न विचारायची, "अहो, माझं औषध कुठे ठेवायचं?" आणि नकाशा मिटला जायचा.

हिला गेली चार वर्षं इन्सुलिन घ्यावं लागतं. ज्यांच्या घरात ते आहे त्यांना सांगायला नको. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. वापरात घेतलेलं पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे बाहेर चालतं, पण ते बाहेर म्हणजे पंचवीस-तीस अंशांच्या आतलं. वऱ्हाडातल्या एप्रिलच्या दुपारी तीस अंश म्हणजे थंडीची लाट! थर्मासमध्ये बर्फ घालून नेऊन पाहिलं होतं. पण बर्फ वितळला की औषध पाण्यात पोहतं, आणि वितळण्याआधी त्याला चिकटून राहिलं तर गोठतं. गोठलेलं इन्सुलिन तापलेल्याइतकंच निकामी.

शेवटी एक दिवस ही म्हणाली, "मला थंड सरबत नको, आइस्क्रीम नको. मला फक्त जायचंय." त्या वाक्यानंतर मी फ्रिज शोधायला बाहेर पडलो.

* * *

पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची तर माणूस आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. मीही गेलो. तिथे एक सुबक, हलका, खिशाला परवडणारा डबा दिसला. कारच्या सिगारेट लायटरच्या भोकात पिन खुपसली की गार होतो म्हणे. मी पाकीट काढणार, एवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, त्यात कॉम्प्रेसर आहे का विचार." नव्हता. मी पाकीट परत ठेवलं.

हा फरक मला नंतर कळला आणि तो सांगण्यासारखा आहे. १८३४ साली झां पेल्तिए या, मूळच्या घड्याळजी असलेल्या फ्रेंच माणसाने दाखवलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की प्रवाहाच्या दिशेप्रमाणे सांधा गार किंवा गरम होतो. ते स्वस्त डबे या तत्त्वावर चालतात. आत फिरणारं यंत्र नाही, नुसता पंखा. पण हा डबा आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार तर पंधरा-वीस अंशांनी खाली नेतो. पुण्यातल्या डिसेंबरात तो आपल्याला खूश करील. मेहकरला बाहेर बेचाळीस असताना आत बावीसच्या खाली उतरणार नाही. शिवाय तो विश्रांती घेत नाही. चार अँपिअर खात असेल तर चोवीस तास चारच खात बसतो.

कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज म्हणजे आपल्या घरच्या फ्रिजचा धाकटा भाऊ. बारा व्होल्टवर चालतो, बाहेर कितीही तापलं तरी आत हवे तितके अंश आणून देतो आणि तिथे पोचला की गप्प बसतो. हे गप्प बसणंच महत्त्वाचं, कारण तेवढा वेळ वीज वाचते. किंमत पाच आकडी. मी दोन दिवस विचार केला. मग हिच्या दोन पेनांकडे पाहिलं आणि घेतला.

किती लिटरचा, हा पुढचा प्रश्न. दुकानदार पन्नास लिटरचा दाखवत होता. आपल्याकडे मोठं ते चांगलं असं एक समीकरण आहे. पण मोठा फ्रिज घेतला की माणूस तो भरतो, भरला की तो गार करायला वीज लागते, आणि मग फ्रिजसाठी प्रवास करावा लागतो. आम्ही अठरा लिटरचा घेतला. औषध, दूध, दही, थोडी भाजी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. त्यापेक्षा मी भिंतींच्या जाडीकडे बघितलं, आणि झाकण वर उघडणारं घेतलं. उभ्या दाराच्या फ्रिजमधली थंड हवा दार उघडताच पायावर सांडते, वरच्या झाकणाच्या पेटीत ती तळाशी बसून राहते.

भिंतीचं महत्त्व नवं नाही. १८३३ साली बोस्टनहून निघालेलं एक जहाज तळ्यातला नैसर्गिक बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निघताना १८० टन होता, पोचताना शंभरेक टन उरला होता. दोनदा विषुववृत्त ओलांडून! कॉम्प्रेसर नाही, वीज नाही. होता तो नुसता भुसा. पुढे मुंबईतही असा बर्फ येत असे. थंडी निर्माण करण्याइतकंच ती राखणं मोलाचं, हे त्या भुशाने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी सिद्ध केलं आहे.

* * *

आता वीज. इथे मला वाटलं, की आपला आयुष्यभराचा धंदा कामाला येईल, कारण बॅटरी म्हणजे खातं. जेवढं भरलं तेवढंच काढता येतं, आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. पण बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पहिल्याच रात्री हे खातं बुडवलं.

झालं असं, की नाना पेठेत एकाकडून मी गाडीच्या बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत वायर ओढून घेतली. रंगीत तालीम म्हणून सोसायटीच्या आवारात रात्री आठला फ्रिज सुरू केला. सकाळी आठला किल्ली फिरवली तर गाडीने नुसतं टक टक केलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वीज घेऊन ती चालू केली आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

फ्रिजवर पंचेचाळीस वॉट लिहिलं होतं. पंचेचाळीसला बाराने भागा, चालू असताना पावणेचार अँपिअर. उकाड्यात तो जवळजवळ निम्मा वेळ चालतो, म्हणजे तासाला सरासरी पावणेदोन ते दोन अँपिअर-तास. बारा तासांत वीस-बावीस गेले. माझ्या गाडीची बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची आणि तीन वर्षं वापरलेली. शिवाय गाडीची बॅटरी इंजिन फिरवण्यासाठी क्षणभर भरपूर वीज देण्याकरिता बनवलेली असते. रोज निम्मी रिकामी करणं तिला सोसत नाही. ते चालू खातं आहे, त्यातून संसार चालवायचा नसतो. फ्रिजमध्ये बॅटरी खाली गेली की आपोआप बंद होण्याची सोय होती, पण ती मी अगदी खालच्या पातळीवर ठेवली होती. जास्त वेळ चालावा म्हणून!

उपाय एकच, वेगळं खातं. शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. शिशाची डीप सायकल बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याच्या खाली नेऊ नये आणि तिचं वजन उचलताना आमच्या वयाची आठवण होते. लिथियमची ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते. गाडी चालू असताना अल्टरनेटरकडून चार्जरमार्फत वीस अँपिअर तिच्यात भरले जातात. दिवसाचा खर्च पंचेचाळीस धरला तर सव्वादोन तासांच्या प्रवासात दिवस निघतो. गाडी उभी असेल त्या दिवसासाठी शंभर वॉटचं सौर पॅनेल. त्यावर शंभर वॉट लिहिलेले असले, तरी स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीसेक अँपिअर-तास मिळाले तर समाधान मानावं. गंमत म्हणजे ऊन हवं असलं तरी पॅनेल तापलं की त्याची वीज कमी होते.

आणि वायर. नाना पेठेतली वायर दाराच्या घंटीला शोभेल इतकी बारीक निघाली. घरच्या दोनशेतीस व्होल्टांतला एखादा वाटेत हरवला तर कोणाला पत्ता लागत नाही. बारातला एक हरवला तर बॅटरी भरलेली असूनही फ्रिज "शिल्लक संपली" म्हणून बंद पडतो. जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, आणि मध्ये इन्व्हर्टर न घालता बारा व्होल्ट थेट. बाराचे दोनशेतीस करून पुन्हा खाली आणणं म्हणजे नोटा मोडून परत बांधण्यासारखं, प्रत्येक वेळी दलाली जाते.

* * *

दोन ते आठ हे आकडे पुणेकरांना तसे अनोळखी नाहीत. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून कोव्हिशील्डचे पहिले तीन ट्रक विमानतळाकडे निघाले, ते आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्या कुप्यांनाही हेच दोन ते आठ अंश हवे होते. आपल्या गल्लीत पोलिओचा डोस द्यायला येणाऱ्या ताईंच्या खांद्यावरची निळी पेटी आठवा. तिचंही काम तेच. देशभरच्या या साखळीला शीतसाखळी म्हणतात. आमची साखळी दोन कड्यांची होती, एक ही आणि एक मी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. नगर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा करत लोणारच्या बाजूला पोचलो. १९८३ साली मी कृषी अधिकारी असताना ज्यांच्या विहिरीचं कर्ज मंजूर केलं होतं, त्यांच्या मळ्यात कडुनिंबाखाली तंबू लागला. विहिरीला अजून पाणी होतं, हे बघून मला जे वाटलं ते कुठल्याही कादंबरीच्या प्रकाशनाला वाटलं नव्हतं.

त्या रात्री मळ्यातल्या घरात वीज होती. माझ्यातला बँकवाला जागा झाला. फुकटची वीज आहे तोवर थंडी जमा करून ठेवावी, उद्या बॅटरीला विश्रांती! फ्रिजची पिन घरातल्या प्लगला लावली आणि आकडा उणे पाचवर नेला. पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ झाला की झोपण्याआधी पुन्हा चारवर आणायचा, असा बेत. गप्पा रंगल्या, चांदणं पडलं होतं, मी झोपलो.

सकाळी झाकण उघडलं तर दोन्ही नवी पेनं कडक. आत बर्फाचे कण दिसत होते.

मी तिथेच मटकन बसलो. इन्सुलिन उन्हाने जाऊ नये म्हणून इतका पैसा, इतका हिशेब, आणि ते मी माझ्या हातांनी गोठवलं. वितळल्यावर ते पुन्हा नितळ दिसू लागलं आणि एक क्षण मोह झाला, की चालेल कदाचित. पण दिसण्यावर जायचं नसतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन फेकायचं असतं, ते साखर किती उतरवील याचा भरवसा राहत नाही. ही शांतपणे म्हणाली, "अहो, बँकेतही तुम्ही असंच करायचात. मार्च आला की टार्गेटच्या वर दहा टक्के."

मग तिने सांगितलं, की वापरातलं पेन फ्रिजमध्ये नव्हतंच. आदल्या संध्याकाळी घरच्या बाईंनी तिच्या हातातलं पेन पाहून विचारलं होतं, "वहिनी, हे कायले त्या डब्यात? माठात ठेवा नं." त्यांनी एक मोठं मडकं ओल्या वाळूने भरून त्यात छोटं कोरडं मडकं बसवलं, वर ओलं फडकं घातलं आणि ते ओसरीत वाऱ्याच्या तोंडाशी ठेवलं. पिशवीत बांधलेलं पेन त्यात होतं. मी दुपारी थर्मामीटर लावून पाहिला. ओसरीत एक्केचाळीस, मडक्यात सत्तावीस. मातीच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. न अँपिअर, न वायर. नव्या पेनाला हे पुरत नाही, त्याला दोन ते आठच हवेत. पण वापरातल्या पेनाला तीसच्या आत एवढीच अट होती, आणि ती मडक्याने पाळली.

हिचा त्या दिवशीचा डोस चुकला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ होती, म्हणून मेहकरच्या दुकानात दोन नवी पेनं मिळाली. ती फ्रिजच्या भिंतीपासून दूर, रुमालात गुंडाळून ठेवली, आकडा पाचवर नेला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. पुढचे आठ दिवस त्याला मी हात लावला नाही. गाडी सावलीत, फ्रिजची जाळी मोकळी, बॅटरी बंद गाडीत तापू द्यायची नाही, आणि हातातलं पेन मडक्यात. चार शाखा, चार गावं पाहून आम्ही परत आलो. डिकीत येताना एक मडक्यांची जोडी जास्त होती.

परवा ही पुन्हा नकाशा घेऊन बसली. या वेळी बोट ताम्हिणी घाटातून खाली उतरत होतं. मी म्हटलं, "कोकणात हवा दमट. तिथे पाणी उडत नाही, मडकं चालायचं नाही."

ती म्हणाली, "ठाऊक आहे. बॅटरीत शिल्लक किती आहे तेवढं सांगा."