एक मुक्काम, तीन वाटा

सुटी लागली की शहरातील कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि बहुधा त्यांचा आरंभ स्थळांच्या यादीने होतो. यादी लांबत जाते. दिवस मात्र तेवढेच राहतात. मग रोज नवा मुक्काम, रोज नवी बांधाबांध, आणि अखेरीस विश्रांतीसाठी निघालेली मंडळी अधिकच थकून घरी परततात. यावर साधा उपाय असा की, यादीच्या आधी मुक्काम ठरवावा. जेथून इष्ट स्थळे एका दिवसात पाहून परतता येते अशा मोठ्या शहरी बिऱ्हाड मांडावे, आणि सामान तेथेच ठेवून रोज एका दिशेस निघावे.

मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे याचे उत्तम उदाहरण होय. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास वसविलेले हे नगर त्याच्या दरवाजांसाठी प्रसिद्ध आहे; प्रवाशासही ते साऱ्या प्रदेशाचे दार ठरते. मुंबईहून येथे थेट आगगाडी येते, आणि पुण्याहून मोटारीचा रस्ता सोयीचा आहे. पुढे शहरातून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट वायव्येस जाते. सुमारे १५ किलोमीटरांवर यादवांची देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, आणि सुमारे ३० किलोमीटरांवर वेरूळची ३४ लेणी. किल्ल्याची चढण उभी असल्याने ती सकाळच्या गारव्यात चढावी. वृद्धांनी पायथ्याचा चाँद मिनार पाहून सावलीत बसण्यात काही उणेपणा नाही. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे दुपार कलल्यावर कैलास लेण्यातील शिल्पांवर उजेड पडतो, आणि एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले ते मंदिर अधिक खुलून दिसते.

दुसरी वाट ईशान्येस, सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्यास जाते. हिला पुरता दिवस द्यावा. खासगी मोटार फर्दापूरच्या फाट्यापाशी थांबते आणि तेथून पुढे एस.टी.ची बस लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचविते. या जाण्यायेण्याचा वेळ हिशेबात धरला नाही, तर चित्रांसाठी घाईच उरते. लेण्यांतील उजेड मंद असतो. डोळे त्यास सरावल्याखेरीज पंधराशे वर्षांपूर्वीचे रंग उलगडत नाहीत.

तिसरी वाट दक्षिणेस, सुमारे ५० किलोमीटरांवर पैठणास जाते. एकनाथांची समाधी, गोदावरीचा घाट, पैठणीचे माग आणि जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय हा दिवस मुलांनाही जड जात नाही.

या योजनेत वारांना फार महत्त्व आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ज्यांच्या हाती हे दोनच दिवस आहेत, त्यांनी सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा असा क्रम ठेवल्यास दोन्ही साधतात. क्रम उलटला तर दोन्ही हुकतात. दूरवरून आलेल्या वृद्ध आईवडिलांना बंद दारावरून परत फिरावे लागले, तर त्यांच्यासाठी ती संधी पुन्हा येईलच असे नाही.

मुक्कामाचे शहर हे केवळ निजण्याचे ठिकाण समजणे मात्र चूक होय. बीबी का मकबरा आणि जमिनीखालच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर चालणारी पाणचक्की यांसाठी एक मोकळी संध्याकाळ राखावी. कोणी आजारी पडले किंवा पाऊस कोसळला, तर हाच मोकळा वेळ बेत सावरून धरतो.

अर्थात नियमास अपवाद आहेत. ज्यांस केवळ अजिंठाच पाहावयाचा आहे, त्यांना सुमारे ६० किलोमीटरांवरील जळगाव अधिक जवळ पडते. लोणारचे सरोवर या शहरापासून बरेच लांब असल्याने ते याच सुटीत कोंबू नये. काही राहून गेले तर बिघडत नाही. पुढच्या सुटीस ते निमित्त होते. जे पाहिले ते घरातील थोरामोठ्यांनी आणि लहानग्यांनी मिळून, निवांतपणे पाहिले, एवढे साधले की सहल सफळ झाली.