जुन्या गाडीचा आवाज : खर्चाआधी तपास

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. अब्बांच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा आम्ही तो चढतो. आमची पेट्रोल गाडी 2011 सालची. गेल्या पावसाळ्यानंतर घाटात तिचा दम जाऊ लागला. दुसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. खालून डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येई. मागचे ट्रक हॉर्न वाजवत आणि मागच्या सीटवर अम्मी दुआ पुटपुटत बसत.

पहिल्या गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल मिळाला, ‘इंजिन उतरवावे लागेल.’ आकडा ऐकून आम्ही गप्पच झालो. मुलीच्या हॉस्टेलच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते. खालूंनी अडवले, म्हणाले, ‘आधी आणखी एका उस्तादांना दाखवा.’

या उस्तादांनी बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? गाडी उभी असतानाही येतो का? वळताना, ब्रेक लावताना फरक पडतो का? चढावर आरपीएम वाढून वेग तेवढाच राहतो, की आरपीएमच वाढत नाहीत?

शेवटचा प्रश्न मोलाचा. आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल तर क्लच घसरत असल्याचा संशय घ्यावा. आरपीएमच वाढत नसतील तर हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा धूर बाहेर जाण्याची वाट, यांपैकी कुठेतरी अडचण असते. आमच्या गाडीचे दुखणे हे दुसरे होते.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा महिनाभर लागत होता. ‘सेन्सरचे काहीतरी असेल’ म्हणून आम्ही त्याकडे काणाडोळा केला होता. स्कॅनर लावल्यावर तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर दिसले. तिथला स्पार्क प्लग काळा आणि पेट्रोलने ओला निघाला. उस्तादांनी तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. मिसफायरही दुसऱ्या सिलिंडरवर गेले. म्हणजे दोष कॉइलचाच. या तपासाला एक रुपयाही लागला नाही.

मग खडखड कसली? गाडी थंड झाल्यावर उस्तादांनी सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकले. तीच खडखड! ठिणगी न पडल्याने न जळलेले पेट्रोल तिथपर्यंत जाऊन जळत होते. त्या उष्णतेने आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी फुटली आणि तुकड्यांनी धुराची वाट अडवली. धूर बाहेर पडला नाही तर इंजिनात ताजी हवा पुरेशी शिरत नाही, आणि चढावर गाडी गुदमरते.

कन्व्हर्टर स्वस्त नसतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात. काहीजण तो काढून साधा पाइप बसवायला सांगतात. तसे केल्यास विषारी धूर थेट हवेत जातो आणि नियमही मोडतो. आम्ही कॉइल, प्लग आणि कन्व्हर्टर बदलले. पण आधी कॉइल. ती तशीच राहिली असती तर नवा कन्व्हर्टरही जळाला असता. खर्च झाला, तरी इंजिनाच्या कामाच्या मानाने पुष्कळ कमी. मुलीची फी वेळेवर भरली गेली.

आपल्यासाठी काही खुणा :

● सुरू करताच ‘चीं’ : बेल्ट सैल किंवा झिजलेला.
● पूर्ण वळताना पुढून ‘टकटक’ : एक्सेलचा जॉइंट.
● वेगाबरोबर वाढणारी घरघर : चाकाचे बेअरिंग किंवा टायर.
● ब्रेक लावताना लोखंड घासल्याचा आवाज : पॅड संपले. गाडी चालवू नका.
● इंजिनातून टकटक : डिपस्टिकने ऑइल पाहा. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा.
● इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून लवकर तपासून घ्या.

बंद जागेत इंजिन सुरू ठेवून तपास करू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो.

आता आमच्या गाडीत एक छोटी वही असते. आवाज कधी, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूने आला ते अब्बा स्वतः लिहितात. गेल्या खेपेला कुंभार्ली चढून आल्यावर त्यांनी त्या दिवसाच्या पानावर एवढेच लिहिले : ‘आवाज नाही.’