पिवळी गोळी आणि पोस्टकार्ड

गेल्या आठवड्यात एक जुने पेशंट आले. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून त्यांच्या मोठ्या आतड्यातले तीन पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या गाठी, मी काढले होते. ‘तीन वर्षांनी पुन्हा तपासणी’ असं फाइलवर लाल शाईने लिहिलंही होतं. ते फिरकले नाहीत. “डॉक्टर, व्हिटॅमिनची गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही,” म्हणत त्यांनी पिशवीतून चार बाटल्या टेबलावर मांडल्या. या वेळचा पॉलिप मोठा निघाला. बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. मला ते फार लागलं, कारण गोळीने पॉलिप टळतात या समजुतीला एके काळी मीही खतपाणी घातलंय.

व्हिटॅमिन सी, ई आणि बीटा कॅरोटिनचा निकाल अमेरिकेत 1994 सालीच लागला होता. पॉलिप काढलेल्यांना चार वर्षं गोळ्या दिल्या; उपयोग शून्य. मी मात्र गुंतलो ते फॉलिक ॲसिडमध्ये. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत पॉलिप कमी दिसतात, मग त्यातलं फॉलेट फॉलिक ॲसिडच्या गोळीतून द्या, असा तो साधा हिशेब. 1997 ते 2007 या दहा वर्षांत मी कितीतरी प्रिस्क्रिप्शनच्या शेवटी ती छोटी पिवळी गोळी लिहिली. औषध कंपन्यांचे एमआर गुळगुळीत पत्रकं आणून देत आणि मी ती पेशंटपुढे ठेवी.

जून 2007 मध्ये 1,021 जणांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. रोज 1 मिलिग्रॅम फॉलिक घेऊनही पॉलिप थांबले नव्हते. उलट दुसऱ्या फेरीच्या तपासणीत तीन किंवा जास्त पॉलिप होण्याचं प्रमाण फॉलिकच्या गटात दुपटीहून अधिक होतं. गर्भारपणात हीच गोळी मोलाची आहे. इथे तिचं काम नव्हतं. पत्रकं देणाऱ्यांपैकी एकानेही हा निकाल मला आणून दाखवला नाही. तो राग अजून आहे.

पुढे व्हिटॅमिन ‘डी’ची लाट आली. 2015 साली 2,259 जणांच्या अभ्यासात तीही ओसरली. कॅल्शियमने 1999 मध्ये दाखवलेला थोडा फायदाही त्यात टिकला नाही.

गोळ्या लिहिण्याच्या त्या काळातलं एकच मला परत हवंय. आमचे कंपाउंडर दर महिन्याला रजिस्टर काढून पेशंटना पोस्टकार्ड टाकत: ‘आपली तपासणीची तारीख आली आहे.’ ते निवृत्त झाले आणि पोस्टकार्डंही थांबली. ती चालू ठेवायला हवी होती. चूक माझीच.

पॉलिप वेळेवर काढले की आतड्याच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो, हे 1993 पासून आपल्याला ठाऊक आहे. तुमचा पॉलिप काढला असेल, तर आजच फाइल उघडा आणि पुढच्या तपासणीची तारीख बघा. ती उलटून गेली असेल, तर उद्याच डॉक्टरांना फोन करा.