बॅजरची राख

आगबोट हा शब्द आपल्याकडे कोकणच्या जुन्या आठवणींत जाऊन बसला, पण अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर तो अजून अक्षरशः खरा आहे. पूर्व काठावरच्या लडिंग्टन गावाहून उन्हाळी हंगामात 'एस. एस. बॅजर' सुटते आणि चार तासांत सुमारे ९७ किलोमीटर पाणी कापून विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकला लागते. पोटात १८० मोटारी, वर ६०० माणसे, आणि खाली कोळशावर पेटणारे चार बॉयलर. कोळशावर धावणारी प्रवासी बोट त्या देशात आता ही एकच. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय बहुतेक ठिकाणी काठावरच्या लोकांच्या प्रेमाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. बॅजर टिकली ती तिला जपले म्हणून कमी, आणि वेळोवेळी तिच्याकडे हिशेब मागितला गेला म्हणून जास्त.

मुळात ही बोट हौसेसाठी बांधलेलीच नव्हती. शिकागोच्या रेल्वे यार्डांतल्या कोंडीत मालगाड्या अडकून पडत. त्यावर तोडगा म्हणून डबे थेट बोटीत ढकलून सरोवरापार न्यायचे, असा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने स्टर्जन बे येथील ख्रिस्टी गोदीत 'स्पार्टन' आणि 'बॅजर' या ४१० फुटी जुळ्या बहिणी बांधून घेतल्या. बॅजर मार्च १९५३मध्ये कामाला लागली. डिझेल तेव्हा उपलब्ध होतेच, पण कोळसा वाहून कमावणारी रेल्वे स्वतःच्या बोटीत दुसरे इंधन कशाला जाळेल? पुढे रेल्वेचे गणित बदलले. स्पार्टन १९७९मध्ये बांधून ठेवली गेली, आणि नोव्हेंबर १९९०मध्ये बॅजरही थांबली. १९९१मध्ये चार्ल्स कॉनराड यांनी ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षी मालडब्यांच्या जागी मोटारी व सहलकरी आले. गोड्या पाण्यात लोखंड समुद्राइतके गंजत नाही, हाही तिच्या टिकण्यातला भाग आहेच. शिवाय देशांतर्गत जलवाहतुकीची बोट देशातच बांधलेली हवी, हा १९२०चा कायदा. म्हणजे परदेशातून स्वस्तात दुसरी आणण्याची सोयही नाही. पण गोडे पाणी आणि कायदा तिच्या बहिणीलाही होतेच.

खरा कस लागला राखेवर. बॉयलरमधली राख पाण्यात कालवून सरोवरात सोडायची, ही १९५३पासूनची रीत होती. एका हंगामात सुमारे ५०० टन. ज्या पाण्यावर लाखो लोक तहान भागवतात, त्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८मध्ये जहाजांच्या सांडपाण्यासाठी परवाना आणला, तेव्हा बॅजरला डिसेंबर २०१२पर्यंत मुदत मिळाली. मधल्या काळात, २०११मध्ये, प्रतिनिधिगृहातल्या काही सदस्यांनी वेगळीच वाट शोधली: राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या दर्जासाठी जिचे नाव सुचवले गेले आहे, अशा बोटीला हे नियम लागूच करू नयेत! बोट एक, आणि तिच्यासाठी शिवलेला अंगरखा. तो कायद्यात उतरला नाही. २०१३च्या न्यायालयीन समझोत्याने आणखी दोन हंगाम दिले, तेवढेच. २०१५च्या हंगामात बॅजर निघाली ती राख वाहकपट्ट्यांनी गोळा करून बोटीतच साठवत.

यावर पहिला आक्षेप असा की, कठोरपणा केला असता तर बोट बुडीत निघाली असती. सवलतीनेच ती वाचली. पण मुदत आणि माफी यांत फरक आहे. मुदतीने दुरुस्तीला वेळ मिळतो, माफीने दुरुस्तीची गरजच संपते. मुदत फार ढिली होती, तोवर राख पडतच राहिली, ही टीका मात्र मला मान्य आहे. दुसरा आक्षेप हेतूंचा: विरोधकांत मिलवॉकी ते मस्कीगन मार्गावर २००४पासून जलद डिझेल फेरी चालवणारी स्पर्धक कंपनीही होती. होतीच, आणि डिझेल म्हणजे काही गंगाजल नव्हे. तरी तक्रार करणाऱ्याचा स्वार्थ उघड केल्याने राखेचे वजन घटत नाही. बॅजरच्या धुरांड्यातून धूर आजही निघतो, हे कबूल केलेच पाहिजे. तो हिशेब अजून मिटलेला नाही. तिसरा आक्षेप अस्सलपणाचा. अशी यंत्रे बसवत गेलो तर जुनी बोट जुनी कशी राहील? मालडब्यांच्या जागी मोटारी आल्या त्याच दिवशी हा प्रश्न निकालात निघाला होता. उलट, आत मूळची स्किनर युनाफ्लो वाफयंत्रे अजून फिरत आहेत ती रोजच्या कामामुळे. काचेआड ठेवली असती तर एव्हाना त्यांना वंगण घालणारे हातही उरले नसते. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा तिला जानेवारी २०१६मध्ये मिळाला, म्हणजे राख पाण्यात पडायची थांबल्यावर.

जुलै २०२३मध्ये लडिंग्टनच्या धक्क्यावर गाड्या चढवण्याच्या उताराची यंत्रणा कोसळली आणि बोट धडधाकट असून उरलेला हंगाम बुडाला; दुरुस्तीनंतर पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली. तिची जुळी बहीण स्पार्टन त्याच गावात दशकानुदशके दोरखंडांनी बांधलेली राहिली. तीच गोदी, तीच यंत्रे, तेच गोडे पाणी. तिच्याकडे राखेचा हिशेब कुणी कधी मागितला नाही. बॅजरला एखादा भाग हवा असला की तो तिच्यातून काढून नेत.