गाडीतला फोनचा स्टँड

२०१४ मध्ये भारतात आलेल्या दॅटसन गो या छोट्या गाडीत म्युझिक सिस्टीमच्या जागी चक्क मोबाइल अडकवायचा स्टँड होता. फोन बसवा, ऑक्स केबल जोडा, की गाणी गाडीच्या स्पीकरवर! खर्च वाचवण्याची ही युक्ती खरोखर कल्पक होती.

महागड्या जर्मन गाड्यांत त्याआधीपासूनच आर्मरेस्टखाली फोनचं क्रेडल मिळे. त्यात फोन चार्ज होई, शिवाय गाडीच्या बाहेरच्या अँटेनाला जोडला गेल्यामुळे रेंजही सुधारे. अडचण एकच, पण मोठी: क्रेडल ठरावीक मॉडेलपुरतंच. फोन बदलला की नवं क्रेडल शोधा.

ब्लूटूथने ही कटकट संपवली.

जुनी गाडी घेताना क्रेडलवर भुलू नका. आपला फोन ब्लूटूथला जोडून एक कॉल लावून पाहा.